चित्राच्या जागी शब्द

'शेजारील आकृती पाहा.' विज्ञानाच्या शालेय पुस्तकात हे वाक्य किती वेळा येते ते एकदा मोजून पाहावे. पुस्तक लिहिणाऱ्याने, छापणाऱ्याने आणि शिकवणाऱ्यानेही एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे समोरच्याला आकृती दिसते. वर्गात एखादा अंध किंवा अगदी कमी दिसणारा विद्यार्थी असेल तर हे वाक्य त्याच्यापुरते तिथेच संपते.

पूर्वी अशा वेळी शेजारी बसलेला मित्र कानात सांगत असे, किंवा शिक्षक त्याचे बोट धरून पाठ्यावर आकृती काढून दाखवत. आज धड्याचा बराच भाग संगणकावर किंवा फोनवर येतो. अंध विद्यार्थी तो स्क्रीन रीडरच्या मदतीने वाचतो. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी आज्ञावली. मजकूर ती न थकता वाचते. चित्र आले की मात्र नुसते 'ग्राफिक' म्हणते, किंवा 'आयएमजी दोन शून्य तीन चार' असे फाइलचे नाव वाचते आणि पुढच्या वाक्याकडे निघून जाते. ज्या आकृतीसाठी धडा लिहिला, तीच मधल्या मध्ये गळते.

यावर उपाय आहे आणि तो फार सोपा आहे. संगणकावरील प्रत्येक चित्राला एक-दोन वाक्ये जोडून ठेवता येतात. ती डोळस वाचकाला सहसा दिसत नाहीत, पण स्क्रीन रीडर चित्रापाशी आला की ती वाचतो. याला पर्यायी मजकूर म्हणतात. ही कल्पना कुठून आली, मराठीत ती उशिरा का पोचली आणि असा मजकूर चांगला कसा लिहावा, हे या लेखात आपण पाहणार आहोत. या इतिहासाचा एक धागा मुंबईच्या उपनगरांतून, जुहू आणि पवईतून जातो.

ठिपक्यांची पुस्तके

लुई ब्रेल याने १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. सहा ठिपक्यांपैकी काही उठावदार आणि काही सपाट ठेवले, तर ६३ वेगवेगळी चिन्हे मिळतात. (सगळेच सपाट ठेवले तर ती मोकळी जागा. ६४ पैकी ते एक वजा करायचे.) एखाद्या भाषेतील अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे लिहायला एवढे पुरते.

भारतात अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला ॲनी शार्प यांनी सुरू केली. मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी शाळा काढली. तीच पुढे दादरची अंध मुलींची शाळा झाली. १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल स्कूल सुरू झाले. त्या काळात देशात एकच ब्रेल नव्हती. निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळे संकेत चालत. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी एकत्रित अशी भारती ब्रेल ठरली आणि लगेच १९५२ मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे नॅब, ही संस्था स्थापन झाली. आता मराठीतला 'क' आणि बंगालीतला 'क' एकाच ठिपक्यांनी लिहिता येऊ लागला.

अक्षराचा प्रश्न असा सुटला. चित्राचा सुटला नाही. उठावाच्या आकृत्या करता येतात, पण त्या एकेक करून बनवाव्या लागतात आणि बोटांना एका वेळी फार थोडेच कळते. पानभर पसरलेला नकाशा डोळा एका दृष्टिक्षेपात घेतो. बोटाला तो तुकड्यातुकड्यांनी जोडावा लागतो. म्हणून ब्रेल पुस्तक तयार करताना बहुतेक चित्रे सरळ गाळली जात, किंवा पुस्तक उतरवून घेणारी व्यक्ती चित्राच्या जागी चार ओळींची टीप लिही. कोणते चित्र गाळायचे आणि टिपेत काय लिहायचे हे त्या व्यक्तीच्या समजुतीवर अवलंबून असे. पर्यायी मजकुराचा जन्म खरे तर या टिपांमध्ये आहे.

दिसणारी गोष्ट शब्दांत सांगण्याची कला आपल्याकडे नवी नव्हती. महाभारतातला संजय सर्वांच्या परिचयाचा आहे. अगदी अलीकडचे उदाहरण रेडिओचे. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीतून क्रिकेटचे समालोचन करत, तेव्हा लाखो डोळस माणसे त्या सामन्यापुरती अंधच असत. त्यांना मैदान दिसत होते ते शब्दांतून. चांगला समालोचक प्रेक्षकांच्या कपड्यांचे रंग सांगत बसत नाही. चेंडू कुठे पडला, फलंदाजाने काय केले, धावा किती झाल्या, हे तो आधी सांगतो. ऐकणाऱ्याला काय हवे आहे ते त्याला ठाऊक असते. पुढे जे नियम आपण पाहणार आहोत, त्यांचे सार एवढेच आहे.

जुहूहून निघालेली तार

आता संगणकाकडे वळू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका केंद्रातून १९८५ मध्ये नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही संस्था वेगळी झाली. तिचे काम जुहूला चाले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्याच्या प्रकल्पात एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि त्या वेळच्या पाच आयआयटी सामील होत्या. त्यांतली एक अर्थातच पवईची. १९८९ मध्ये एनसीएसटीपासून अमेरिकेपर्यंत कायमची जोडणी मिळाली. तिचा वेग होता सेकंदाला ९६०० बिट. भारताची ओळख असलेली '.इन' ही नावे देण्याचे कामही २००४ अखेरपर्यंत याच संस्थेकडे होते.

९६०० बिट म्हणजे किती? एक साधा हिशेब करू. १०० किलोबाइटचे एक छायाचित्र घ्या. त्यात सुमारे ८ लाख १९ हजार बिट असतात. त्या तारेवरून दुसरे काहीही जात नाही असे मानले, तरी हे चित्र यायला सुमारे ८५ सेकंद लागतील. त्याच चित्राचे वर्णन करणारे शंभर इंग्रजी अक्षरांचे वाक्य घ्या. ते ८०० बिटांचे, म्हणजे एका सेकंदाच्या बाराव्या भागात पोचेल. चित्र आणि शब्द यांच्यात हजारपट अंतर आहे. चित्राऐवजी शब्द पाठवावे, ही गोष्ट त्या काळी दयेची नव्हती, काटकसरीची होती.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संस्थेत वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली, तेव्हा तीही प्रामुख्याने मजकुराचीच होती. २५ फेब्रुवारी १९९३ रोजी अमेरिकेतील मार्क अँड्रीसन या तरुणाने सुचवले की, पानात मजकुराच्या मधोमध चित्र दाखवण्यासाठी एक खूण असावी. त्याच वर्षी त्याच्या गटाने तयार केलेल्या 'मोझेक' या आज्ञावलीने ती खूण वापरली आणि वेब पाहता पाहता सचित्र झाले.

पण सगळ्यांच्याच यंत्रांवर चित्र उमटत नव्हते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. विद्यार्थ्यांना परवडत असे ते 'शेल' खाते. त्यात फक्त अक्षरे दिसत. 'लिंक्स' नावाच्या आज्ञावलीतून ते वेबची पाने वाचत. चित्राच्या जागी काय दिसे? पान लिहिणाऱ्याने चित्राला पर्यायी मजकूर जोडलेला असेल तर तो मजकूर. नसेल तर चौकटी कंसात 'इनलाइन' एवढाच कोरडा शब्द. म्हणजे चांगले दिसणाऱ्या, अंधेरी-मुलुंडच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांनाही त्या काळी चित्र नसलेले वेब कसे असते याचा अनुभव मिळत होता.

त्याच वर्षी, नोव्हेंबर १९९५ मध्ये, एचटीएमएल या भाषेची दुसरी आवृत्ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. चित्राच्या खुणेत 'ऑल्ट' नावाचा भाग तिच्यात अधिकृतपणे नोंदवला गेला. चित्र दाखवता येत नसेल किंवा वाचकाला नको असेल, तर त्याऐवजी हा मजकूर दाखवावा, अशी ती सोय होती. डिसेंबर १९९७ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत हा भाग प्रत्येक चित्राला सक्तीचा झाला. पुढे तारांचा वेग वाढला, चित्रे झटपट येऊ लागली आणि डोळस वाचकाची गरज संपली. गरज उरली ती अंध वाचकाची. नेमकी त्याच वेळी लिहिणाऱ्यांची सवयही सुटत गेली.

मराठी अक्षर हेच चित्र

मराठीची अडचण याहून खोल होती. ती समजण्यासाठी स्क्रीन रीडर कसा वाचतो ते पाहू. तो अक्षराचा आकार पाहत नाही. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो, तो क्रमांक पाहून स्क्रीन रीडर उच्चार ठरवतो. क्रमांक बरोबर असेल तर पडद्यावर अक्षर कसेही वेडेवाकडे दिसो, वाचन बरोबर होते. क्रमांक चुकीचा असेल तर अक्षर कितीही सुबक असो, वाचन चुकते.

१९९० च्या दशकात मराठी वृत्तपत्रांची आणि नियतकालिकांची पाने वेबवर येऊ लागली, तेव्हा प्रत्येकाचा फाँट वेगळा होता. युक्ती अशी असे की, इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या क्रमांकांच्या घरांत मराठी अक्षरांचे आकार बसवायचे. समजा, इंग्रजी 'के'च्या घरात मराठी 'क' बसवला. डोळ्याला 'क' दिसेल, पण संगणकाच्या लेखी तो 'के'च. सगळीच घरे अशी हलवली की, डोळसांना जिथे सुंदर मराठी बातमी दिसते तिथे स्क्रीन रीडर इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ वाचतो. फाँटचीही कटकट नको म्हणून काही जण अख्ख्या मजकुराचे चित्र करून तेच पानावर लावत. अंध वाचकाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. मराठीचे प्रत्येक पान हे एक चित्र होते आणि त्याला पर्यायी मजकूर नव्हता. तो मराठीत लिहायचा म्हटले तर तोही त्याच फाँटमध्ये अडकला असता.

यात एक गंमतीची गोष्ट आहे. 'कि' हे अक्षर घ्या. ह्रस्व वेलांटी आपण 'क'च्या आधी काढतो, पण उच्चारतो नंतर. जुन्या फाँटमध्ये ती जशी दिसते तशीच, म्हणजे आधी, साठवली जात असे. उच्चाराच्या क्रमाने साठवायची असेल तर आधी 'क', मग वेलांटी असा क्रम हवा आणि ती दाखवताना मात्र मागे सरकवायला हवी. वाचून दाखवणाऱ्या यंत्राला उच्चाराचा क्रम लागतो.

या तत्त्वावर भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे भारतीय प्रमाण १९९१ मध्ये ठरले, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःची १२८ घरे मिळाली. घरे मिळाली, पण त्यांत राहायला येणारी अक्षरे नेहमीच्या संगणकावर उमटायला हवीत ना? इथे पुन्हा पवई आणि जुहू येतात. सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अनेक वर्षे शिकवले आणि नंतर जुहूच्या एनसीएसटीत देवनागरी मुद्राक्षरांवर काम केले. त्यांनी आरेखित केलेला 'मंगल' हा युनिकोड फाँट विंडोज २००० बरोबर घरोघरच्या संगणकांवर पोचला. जोशी २००८ मध्ये निवर्तले. त्यांचे नाव आपण अक्षरांच्या सौंदर्यासाठी घेतो. पण क्रमांकांत बरोबर बसलेले मराठी अक्षर सर्वांच्या पडद्यावर उमटू लागल्यामुळे लोक तसे लिहू लागले, आणि तसे लिहिलेलेच यंत्राला वाचता येते. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तो याच पायावर. पर्यायी मजकूर मराठीत लिहिणे शक्य झाले ते इथून पुढे.

निकाल आणि नियम

स्क्रीन रीडरचा इतिहासही इथे थोडक्यात सांगायला हवा. संगणकाच्या पडद्यावर फक्त अक्षरे असत, तेव्हा ती वाचून दाखवणे तुलनेने सोपे होते. 'जॉज' ही आज्ञावली १९८९ मध्ये अशा संगणकांसाठी आली. मग विंडोज आले, बटणे आणि चित्रखुणा आल्या, आणि डोळसांना जे सोपे झाले तेच अंधांना अवघड झाले. जॉजची विंडोजसाठीची आवृत्ती १९९५ मध्ये निघाली. ती महाग होती. २००६ मध्ये मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने 'एनव्हीडीए' ही मोफत आज्ञावली लिहायला घेतली. आज शाळांच्या आवाक्यात असलेले साधन हेच आहे.

मे १९९९ मध्ये वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या संघाने सर्वांना वापरता येतील अशा पानांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतले पहिलेच कलम असे होते की, मजकूर नसलेल्या प्रत्येक गोष्टीला मजकुराचा पर्याय द्या. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीतही ते पहिलेच राहिले.

याच सुमारास सिडनी ऑलिंपिकचे संकेतस्थळ तयार झाले. ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने १९९९ मध्ये तक्रार केली की, त्या संकेतस्थळावरील चित्रांना पर्यायी मजकूर नाही आणि खेळांच्या यादीपर्यंत पोचता येत नाही. दुरुस्तीला फार खर्च येईल असे संयोजकांचे म्हणणे होते. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने ऑगस्ट २००० मध्ये तक्रार मान्य केली आणि पुढे २० हजार डॉलर भरपाई ठरवली. चित्राखाली न लिहिलेले एक वाक्य हा भेदभाव ठरू शकतो, हे जगाला त्यातून कळले.

भारतात सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने माहिती मिळण्याच्या सोयीला हक्काचे रूप दिले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पुस्तकांच्या बाबतीत २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने अंध वाचकांसाठी पुस्तकाचे रूपांतर करण्याची वाट मोकळी केली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून चालणाऱ्या दृष्टिबाधितांसाठीच्या संसाधन केंद्रासारख्या संस्था अशा रूपांतराचे काम करतात.

कायदा आपल्याला चित्राला मजकूर जोडायला लावू शकतो. तो चांगला लिहायला लावू शकत नाही. ते काम लिहिणाऱ्याचे.

काय लिहावे?

अंधेरीचा गिल्बर्ट टेकडीचा कडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. आता कल्पना करा की, त्याचे एक छायाचित्र आपण तीन ठिकाणी वापरणार आहोत.

भूगोलाच्या किंवा भूशास्त्राच्या धड्यात ते असेल, तर असे लिहावे: 'अंधेरीची गिल्बर्ट टेकडी. काळ्या बेसाल्टचा सुमारे ६० मीटर उंचीचा सरळ कडा. खडकात एकमेकांना चिकटून उभे असलेले बहुकोनी खांब दिसतात.' सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा निवताना आकसला आणि त्याला असे उभे तडे गेले, हे धड्याच्या मजकुरात सांगता येईल. वर्णनात खांब यायलाच हवेत, कारण प्रश्न खांबांवर आहे.

स्थानिक इतिहासाच्या लेखात तेच छायाचित्र असेल, तर: 'गिल्बर्ट टेकडीच्या माथ्यावर गावदेवीचे मंदिर, कड्याच्या पायथ्यापर्यंत भिडलेल्या इमारती आणि घरे.' इथे खांबांपेक्षा वस्ती महत्त्वाची.

सहलीच्या सूचनापत्रकावर नुसती शोभा म्हणून ते लावले असेल, आणि सूचना मजकुरात संपूर्ण दिलेली असेल, तर काहीच लिहू नये. पर्यायी मजकुराची जागा मुद्दाम रिकामी ठेवता येते. मग स्क्रीन रीडर ते चित्र ओलांडून जातो. शोभेच्या प्रत्येक वेलबुट्टीचे वर्णन ऐकावे लागणे हाही जाच आहे. मात्र जागा रिकामी ठेवणे आणि जागाच न ठेवणे यांत फरक आहे. जागाच ठेवली नाही तर फाइलचे नाव वाचले जाण्याची शक्यता असते.

चित्र एकच, मजकूर तीन. म्हणून 'या चित्राचे अचूक वर्णन कोणते' हा प्रश्नच अपुरा आहे. 'हे चित्र इथे कशासाठी आहे' हे आधी विचारावे.

आता आलेख पाहू. २७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला सुमारे ७४ मिलिमीटर. याचा स्तंभालेख काढला, तर पर्यायी मजकूर काय द्यावा? 'पावसाचा आलेख' एवढे लिहिले तर विषय कळतो, माहिती कळत नाही. 'एक उंच निळा स्तंभ आणि एक बुटका निळा स्तंभ' असे लिहिले तर चित्र कळते, अर्थ कळत नाही. 'स्तंभालेख: २६ जुलै २००५ चा २४ तासांतील पाऊस. सांताक्रूझ ९४४ मिमी, कुलाबा ७४ मिमी. जवळजवळ १३ पट' असे लिहिले तर आलेखातून डोळस विद्यार्थ्याला जे मिळते तेच अंध विद्यार्थ्याला मिळते. एकाच शहरातली दोन ठिकाणे आणि एवढा फरक का, हा विचार करायला दोघेही मोकळे होतात. स्तंभ बारा-पंधरा असतील तर आकडे तक्त्यात द्यावेत आणि पर्यायी मजकुरात फक्त आलेखाचा निष्कर्ष सांगावा.

आणखी काही लहान गोष्टी. 'याचे चित्र' किंवा 'छायाचित्रात असे दिसते की' अशी सुरुवात नको. ते चित्र आहे हे स्क्रीन रीडरने आधीच सांगितलेले असते. चित्र हे बटण असेल तर ते कसे दिसते याऐवजी काय करते ते लिहावे. भिंगाच्या खुणेला 'भिंग' न म्हणता 'शोधा' म्हणावे. जे दिसत नाही ते लिहू नये. चेहरा पाहून 'दुःखी म्हातारी' असे ठरवण्यापेक्षा 'गालावर हात टेकून खाली पाहणारी वृद्ध स्त्री' असे लिहावे. दुःखी की नुसती थकलेली, हे ऐकणारा ठरवील. वाक्ये एक किंवा दोन पुरेत. वाचणारा पान चाळू शकत नाही, त्याला सगळे ऐकावे लागते. म्हणून महत्त्वाचे आधी यावे.

आणि सर्वांत रोजची गोष्ट. शाळेचे परिपत्रक, गृहपाठ, वेळापत्रक यांचा फोटो काढून तो पालकांच्या गटावर पाठवण्याची पद्धत आता सगळीकडे आहे. अंध पालकासाठी किंवा विद्यार्थ्यासाठी ते कोरे पान आहे. इथे वर्णन उपयोगाचे नाही, सगळा मजकूरच टंकून पाठवायला हवा. युनिकोडमुळे ते आता कोणत्याही साध्या फोनवर होते.

परीक्षेतील आकृती

शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत अवघड जागा ही आहे. समजा, प्रश्न असा आहे: 'आकृतीतील अ, ब, क हे भाग ओळखा.' आकृती जास्वंदीच्या फुलाच्या उभ्या छेदाची. पर्यायी मजकुरात 'अंडाशय, पुंकेसर आणि कुक्षी' असे लिहिले तर उत्तरच सांगितल्यासारखे होईल. काहीच लिहिले नाही तर विद्यार्थ्याचे गुण आधीच गेले. मधली वाट अशी: 'जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद. तळाशी फुगीर भाग, तो अ. त्याच्या वरून निघालेल्या लांब नळीवर चहूबाजूंनी बारीक दांडे, प्रत्येकाच्या टोकाला गाठ, तो ब. नळीच्याही पुढे, अगदी टोकाला, पाच लहान गोल, तो क.' डोळस विद्यार्थ्याला आकृतीतून जेवढे मिळते तेवढेच दिले. नाव ओळखण्याचे काम त्याच्याकडेच ठेवले.

असे वर्णन लिहून पाहताना कधी कधी लक्षात येते की, आपला प्रश्न विज्ञानाचा नव्हताच, फक्त नजरेचा होता. 'खालीलपैकी कोणता रंग गडद आहे?' या प्रश्नाला पर्याय लिहिता येत नाही. तिथे अंध विद्यार्थ्याला तेच कौशल्य तपासणारा दुसरा प्रश्न द्यावा लागतो. कोणती आकृती कशासाठी आहे याचा हिशेब शिक्षकाने एकदा मांडला की, वर्गातल्या इतर मुलांनाही त्याचा फायदा होतो.

यंत्र लिहील का?

२०१६ पासून काही संकेतस्थळे छायाचित्रांची वर्णने आपोआप तयार करू लागली आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने पूर्ण परिच्छेद लिहून देतात. अनोळखी चित्रापुढे एकट्या पडलेल्या अंध वाचकाला ती मोठा आधार आहेत. पण गिल्बर्ट टेकडीचे चित्र आज भूशास्त्रासाठी लावले आहे की इतिहासासाठी, हे चित्रात कुठेच लिहिलेले नसते. ते पाठ घेणाऱ्याला ठाऊक असते. यंत्राने दिलेला कच्चा मजकूर जरूर घ्यावा. तो तपासून, छाटून, धड्याला जुळवून घेणे आपल्याकडे राहते. आकडे आणि नावे तर स्वतः पडताळावीतच.

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. दोन-दोन विद्यार्थी पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हातात पुस्तकातली आकृती द्या, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्याने फक्त शब्दांत सांगायचे, दुसऱ्याने ऐकून काढायचे. पाच मिनिटांनी दोन्ही कागद शेजारी ठेवा. 'इथे', 'असे', 'त्याच्या बाजूला' हे शब्द किती निरुपयोगी आहेत ते मुलांना लगेच कळते. दुसऱ्या फेरीत ती 'डावीकडून तिसरा', 'लंबरूप', 'निम्म्या लांबीचा' असे बोलू लागतात. हे विज्ञानाचे निरीक्षण आहे आणि भाषेचाही तास आहे. त्यांतली चांगली वर्णने जपून ठेवा, पुढच्या वर्षीच्या धड्याला ती पर्यायी मजकूर म्हणून जोडता येतील.

तोवर सुरुवात लहान करावी. उद्या जो एक धडा संगणकावर दाखवायचा आहे, त्यातल्या आकृत्या मोजाव्यात आणि प्रत्येकीखाली एक वाक्य लिहावे. मग स्क्रीन रीडर सुरू करून, डोळे मिटून, तो धडा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा. 'शेजारील आकृती पाहा' या वाक्यानंतर काही ऐकू आले, तर काम झाले.